शिंद्यांची दौलत कशी उभी राहिली?

एखादे राष्ट्र बलाढ्य कसे होते, असा प्रश्न निघाला म्हणजे त्याची ठराविक उत्तरे पुढे येतात. धर्माच्या बळाने, असे एक म्हणतो. तलवारीच्या जोरावर, असे दुसरा सांगतो. आणि शेजाऱ्यांशी सतत चढाओढ करावी लागल्याने, असे तिसऱ्याचे मत पडते. यांपैकी कोणतेही उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पण ही तिन्ही कारणे एकमेकांत कशी मिसळतात, कोणते केव्हा प्रबळ ठरते आणि जे कारण राज्याला वर चढवते तेच त्याला खाली का ओढते, हे प्रत्यक्ष एखाद्या सत्तेचा इतिहास पाहिल्याशिवाय उमगत नाही. त्यासाठी रोमचे किंवा इंग्लंडचेच उदाहरण घेतले पाहिजे असे नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे उदाहरण मराठी माणसाला अधिक जवळचे आहे आणि, खरे सांगावयाचे तर, अधिक बोचणारेही आहे.

ग्वाल्हेरचा किल्ला मैदानातून एकाएकी वर आलेल्या, सुमारे तीनशे फूट उंचीच्या लांबट डोंगरावर उभा आहे. आग्र्याहून दक्षिणेकडे जाणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. त्यामुळे दिल्लीच्या तख्तावर जो बसे त्याला हा किल्ला हवाच असे. मानसिंह तोमराने 1486 ते 1516 या काळात येथे वैभव भोगले, निळ्या फरशांनी मढवलेला मानमंदिर महाल बांधला आणि ध्रुपदाला आश्रय दिला. त्याच्या मृत्यूनंतर लवकरच किल्ला लोदींकडे व तेथून मोगलांकडे गेला. बाबराने 1528 मध्ये उरवाई दरीतील प्रचंड जैन मूर्ती विद्रूप करविल्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. परंतु त्याच बाबराच्या माणसांना किल्ला मिळवून देण्यास ज्या शेख मुहम्मद घौसाचे साहाय्य झाले, त्याच्या कबरीशेजारीच पुढे तानसेनाला विसावा मिळाला. आणि आजही देशातील सर्व धर्मांचे गवई तेथे हजेरी लावतात. जहांगिराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना याच किल्ल्यात कोंडले होते. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादबक्षाला, 1661 मध्ये येथेच मारविले. धर्म एक असल्याने मुरादचा जीव वाचला नाही. राज्यलोभापुढे रक्ताचे नातेही जेथे टिकत नाही तेथे धर्माचे टिकावे अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे होय.

शिंद्यांचे मूळ साताऱ्याकडील कण्हेरखेडचे. राणोजी शिंदे पेशव्यांच्या पदरी हलक्या चाकरीपासून वर चढला, अशी परंपरा आहे. पेशव्यांचे जोडे छातीशी धरून झोपलेल्या राणोजीची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. माळव्यात त्याने उज्जैनीस आपले ठाणे केले आणि 1745 मध्ये तो वारला. पुढच्या सोळा वर्षांत या एका घरावर जे ओढवले, ते दुसऱ्या कोणत्याही घराला धुळीस मिळविण्यास पुरेसे होते. थोरला मुलगा जयाप्पा 1755 साली मारवाडात नागोरजवळ दग्याने मारला गेला. मारेकरी राठोडांचे होते, म्हणजे हिंदूच होते. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडला. पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर तुकोजी आणि जयाप्पाचा तरुण मुलगा जनकोजी हेही गेले. उरला एक महादजी. त्याचा पाय जायबंदी झाला होता आणि त्याला रणातून उचलून नेले राणेखान नावाच्या एका मुसलमान भिस्त्याने. महादजीने हे उपकार जन्मभर स्मरले. राणेखानाला त्याने भाऊ मानले आणि पुढे आपल्या फौजेचा सरदार केले.

पानिपताच्या लढाईला धर्मयुद्धाचा रंग देण्याची रीत जुनी आहे. नजीबखानाने अब्दालीला बोलावताना तो रंग मुद्दाम दिला, यात शंका नाही, आणि त्याचा उपयोगही झाला. तथापि रणांगणावर कोण कोठे उभे होते ते पाहावे. मराठ्यांच्या तोफा आणि कवायती पलटणी इब्राहिमखान गारद्याच्या हाताखाली होत्या. तो शेवटपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. उलट अब्दालीच्या बाजूला, अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी, अनुपगिरी आणि उमरावगिरी हे शस्त्रधारी गोसावी आपल्या नागा शिष्यांसह हजर होते. भस्म फासलेले साधू अफगाणांच्या छावणीत आणि कुराण वाचणारा गारदी भाऊसाहेबांच्या! आणि भरतपूरचा सूरजमल जाट रुसून आधीच घरी गेला होता. धर्म हा सैन्याला चेतवू शकतो, थकलेल्याला उभे करू शकतो. पण कोण कोणाच्या बाजूला जाईल हे तो एकटा ठरवीत नाही. पगार, जुने वैर, शेजाऱ्याची भीती आणि मानापमान यांचाही त्यात वाटा असतो.

हे केवळ हिंदुस्थानातच घडले असे नव्हे. युरोपात 1618 ते 1648 या काळात जे तीस वर्षांचे युद्ध झाले ते कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असे सुरू झाले. पण फ्रान्सचा कारभार पाहणारा रिशल्यू हा स्वतः कॅथलिक धर्मपीठाचा कार्डिनल असूनही त्याने कॅथलिक हॅप्सबुर्गांच्या विरुद्ध प्रॉटेस्टंट स्वीडनला पैसा पुरविला आणि 1635 मध्ये फ्रान्सला उघड युद्धात उतरविले. त्याच्याही शंभर वर्षे आधी फ्रान्सच्या राजाने तुर्की सुलतानाशी सख्य जोडले होते. 1543 च्या हिवाळ्यात तुर्की आरमाराला मुक्कामासाठी फ्रान्सचे तूलाँ बंदर मोकळे करून देण्यात आले. शेजारचा कॅथलिक बादशहा फ्रान्सला दूरच्या तुर्कापेक्षा अधिक भयंकर वाटला, एवढेच त्याचे कारण.

तर मग धर्माचे कार्य काय? महादजीच्या चरित्रात याचे उत्तर काही प्रमाणात सापडते. तो स्वतः भाविक होता, पदे आणि अभंग रचीत असे. बांद्याकडचे संतकवी सोहिरोबानाथ अंबिये उत्तरेत त्याच्या भेटीस गेले होते आणि त्यांनी त्याच्या वैभवाची फारशी पर्वा केली नाही, अशी कथा सांगतात. बीडचे सूफी साधू मन्सूरशाह यांना महादजी गुरुस्थानी मानी. त्यांच्याविषयीची श्रद्धा शिंदे घराण्याने ग्वाल्हेरीत पिढ्यान् पिढ्या जतन केली. पुढे लष्कर शहरात मोहरमचा सरकारी ताजिया निघू लागला आणि महाराज त्यात भाग घेऊ लागले, त्याचे मूळ याच वृत्तीत आहे. दुसरीकडे महादजीने बादशहाकडून गोवधबंदीचे फर्मान मिळविले आणि मथुरा-वृंदावन ही क्षेत्रे आपल्या ताब्यात घेतली. या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटली नाही. मथुरेने त्याला दक्षिणेत मान दिला, तर मन्सूरशाहाने उत्तरेत माणसे दिली. दख्खनच्या मूठभर मराठ्यांना यमुनेच्या काठी राज्य करावयाचे होते, तर आपला धर्म सोडूनही चालणार नव्हते आणि दुसऱ्याचा दुखवूनही चालणार नव्हते. हा निव्वळ हिशेब होता असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. पण हिशेबही होता.

पण भक्तीने किल्ले मिळत नाहीत. महादजीला मोठे केले ते त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनी. जानेवारी 1779 मध्ये मुंबईहून रघुनाथरावाला घेऊन निघालेल्या सुमारे चार हजार इंग्रजी फौजेला मराठ्यांनी वडगावास कोंडले. वाटेतली पिके जाळली, रसद तोडली, आणि इंग्रजांना तह करावा लागला. हा जुन्या पद्धतीचा मोठा विजय होता. त्यात महादजी अग्रभागी होता. विजयाची नशा लवकर चढते. तशी ती येथेही चढली असती. परंतु दीडच वर्षाने, 3 ऑगस्ट 1780 च्या रात्री, कॅप्टन पॉफमच्या शिपायांनी गोहदच्या राण्याच्या वाटाड्यांच्या मदतीने शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला चढला आणि पहाटेपर्यंत तो घेतला. अजिंक्य समजला जाणारा हा गड लहानशा तुकडीने जवळजवळ रक्त न सांडता घेतला, याचा बोभाटा देशभर झाला.

येथे एक लहानसे विषयांतर क्षम्य ठरावे. ग्वाल्हेर पडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 17 ऑगस्ट 1780 रोजी, कलकत्त्यात खुद्द गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या कौन्सिलातील सभासद फिलिप फ्रान्सिस यांच्यात पिस्तुलांचे द्वंद्व झाले. फ्रान्सिस जखमी झाला. दोघांत वितुष्ट होते ते अनेक कारणांनी, आणि मराठ्यांशी चाललेले युद्ध हे त्यांपैकी एक होते. म्हणजे इंग्रज एकदिलाचे होते आणि आपण तेवढे भांडखोर, हे जे वारंवार ऐकावयास मिळते ते खरे नाही. इंग्रजही कडाडून भांडत. फरक एवढाच की फ्रान्सिस हरला तेव्हा तो काही पलटणी घेऊन वेगळा झाला नाही. जहाजात बसून विलायतेला गेला आणि तेथे पार्लमेंटात हेस्टिंग्जच्या पाठीस लागला. भांडण चालू राहिले, पण कंपनीचा खजिना, कंपनीची फौज आणि कंपनीचे कर्ज एकच राहिले.

महादजीने 17 मे 1782 रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई येथे तह घडवून आणला आणि इंग्रजांशी वैर तूर्त मिटविले. 1783 मध्ये किल्लाही राण्याकडून परत घेतला. 1784 च्या अखेरीस बादशहा शाह आलमने पेशव्याला वकील-इ-मुतलक ही पदवी दिली आणि तिचा कारभार नायब म्हणून महादजीकडे आला. सातारकडील एका पाटलाचा मुलगा दिल्लीच्या तख्ताचा मुखत्यार झाला. तरीही तो स्वतःला पाटीलच म्हणवून घेई. त्यात विनय किती आणि मुत्सद्देगिरी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मात्र या मुत्सद्द्याने एक गोष्ट ओळखली, आणि तीच त्याची खरी थोरवी होय. घोडदळाचे दिवस सरले होते. 1784 मध्येच त्याने सॅव्हॉय प्रांतातील शाँबेरीच्या बन्वा द ब्वाञ् याला, ज्याला आपल्याकडे डिबॉयन म्हणतात, चाकरीस ठेवले आणि दोन पलटणी उभारावयास सांगितल्या. या मनुष्याचे पूर्वायुष्य म्हणजे युरोपातील चढाओढीचा चालता बोलता नमुना होता. तो फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत होता, मग रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढला, तुर्कांच्या कैदेत पडला, आणि पुढे मद्रासेस कंपनीच्या फौजेत काही काळ राहिला. युरोपात लहानमोठी पन्नास राज्ये दोन-तीनशे वर्षे एकमेकांच्या उरावर बसली होती. ज्याची तोफ मागे पडे त्याचे राज्य जाई. म्हणून तोफ, कवायत, हिशेब आणि कर्जउभारणी या चारही विद्या तेथे सारख्या सुधारत राहिल्या. त्या अखंड स्पर्धेतून जो शिल्लक माल बाहेर पडला त्यात डिबॉयनसारखे शेकडो शिपाईगडी होते. महादजीने तो माल ओळखून विकत घेतला.

त्याची किंमत लगेच कळली नाही. जुलै 1787 मध्ये लालसोटच्या मोहिमेत राजपुतांशी गाठ पडली तेव्हा महादजीच्या पदरच्या मोगल सरदारांनी ऐन वेळी पक्ष बदलला आणि पगार तुंबलेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूकडे गेल्या. पाटीलबाबाला माघार घ्यावी लागली. दिल्ली सुटली. याच दुबळेपणात गुलाम कादर रोहिल्याने दिल्लीत शिरून 10 ऑगस्ट 1788 रोजी वृद्ध शाह आलमचे डोळे काढले. बादशहाही मुसलमान आणि रोहिलाही मुसलमान. आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविण्यास गेला तो राणेखान, मराठ्यांचा सरदार म्हणून.

लालसोटचा धडा महादजी विसरला नाही. पलटणी कितीही चांगल्या असल्या तरी पगार वेळेवर न पोचल्यास त्या आपल्या नव्हेत. त्याने डिबॉयनला दुआबात अलिगडाकडचा सुपीक मुलूख तोडून दिला. त्याच्या वसुलातून फौजेचा दरमहा भागवावयाचा. आग्र्यास तोफांचा कारखाना काढला. कंपू एकाचे तीन झाले. 20 जून 1790 रोजी पाटण येथे आणि 10 सप्टेंबर रोजी मेडत्यास या कंपूंनी जे केले त्याने उत्तर हिंदुस्थान थरारला. मेडत्याला राठोडांचे घोडदळ अतुलनीय शौर्याने तोफांवर चालून आले, चारी बाजूंनी घिरट्या घालू लागले. डिबॉयनच्या पलटणींनी पोकळ चौकोन धरला आणि बंदुकांच्या भडिमारात ते शौर्य वितळून गेले. जयाप्पाच्या खुनाला तोवर पस्तीस वर्षे झाली होती.

येथवरचा हिशेब सोपा आहे. वडगावाने आत्मविश्वास दिला, ग्वाल्हेर गेल्याने डोळे उघडले, लालसोटने पगाराचे महत्त्व शिकविले. झगड्याने राज्य घडविले. परंतु चढाओढ ही दुधारी असते, आणि तिची दुसरी धार दिसली ती 1793 मध्ये लाखेरीस. त्या खिंडीत शिंद्यांचे कंपू एका बाजूला होते आणि तुकोजी होळकराच्या, दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाने तयार केलेल्या, पलटणी दुसऱ्या बाजूला. होळकरही शिकला होता! शिंद्यांना पाहून त्यानेही कवायती फौज केली होती, हे स्पर्धेच्या नियमाला धरूनच झाले. त्या पलटणी जवळजवळ नाहीशा होईपर्यंत लढल्या. मराठ्यांनी नव्या विद्येत जे काही कमावले होते ते पहिल्याच मोठ्या परीक्षेत एकमेकांवर खर्ची पडले. फ्रान्स आणि ऑस्ट्रिया लढले तर दोन राज्ये लढली असे होते. शिंदे आणि होळकर दोघेही जरीपटक्याचे चाकर होते, आणि त्यांचा तंटा तोडावा असा अधिकार असलेला धनी पुण्यास नावापुरताच उरला होता.

12 फेब्रुवारी 1794 रोजी महादजी पुण्याजवळ वानवडीस वारला. गादीवर आलेला दौलतराव चौदा-पंधरा वर्षांचा होता. त्यानंतरची दहा वर्षे वाचताना मन विषण्ण होते. महादजीच्या विधवांनी बंड केले, जुने शेणवी सरदार त्यांना मिळाले आणि कंपू कंपूंशी लढू लागले. डिबॉयन 1795 च्या अखेरीस चाकरी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेल्या पेराँला दौलतीपेक्षा स्वतःच्या पेटीची काळजी अधिक. यशवंतराव होळकराचा भाऊ विठोजी याला दुसऱ्या बाजीरावाने 1801 मध्ये पुण्यास हत्तीच्या पायी दिले. मग उज्जैनीजवळ होळकराने शिंद्यांच्या पलटणी कापल्या आणि शिंद्यांनी इंदूर लुटले. 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतरावाने शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला तो वसईस पोचला आणि 31 डिसेंबर रोजी त्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. वसईचा किल्ला 1739 मध्ये चिमाजीअप्पाने पोर्तुगीजांकडून किती प्राण देऊन घेतला होता, हे त्या दिवशी तेथल्या तटांवर कोणाला आठवले असेल का?

1803 च्या युद्धात शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले. होळकर पाहात राहिला. 1804 मध्ये होळकर लढला; तेव्हा शिंदे स्वस्थ राहिले. इंग्रजांना दोन्ही वेळा एकेकाशीच लढावे लागले.

आणि तरीसुद्धा महादजीच्या पलटणी कशा होत्या, हे 23 सप्टेंबर 1803 रोजी असईस दिसले. सेनापती पोलमन हा जर्मन. त्याच्या हाताखाली मराठ्यांचे कंपू आणि सरधन्याच्या बेगम समरूची माणसे होती. ही बेगम जन्माने मुसलमान आणि बाप्तिस्मा घेतलेली कॅथलिक. आर्थर वेल्स्लीचे दीड हजारांहून अधिक लोक त्या एका दुपारी ठार वा जखमी झाले. नेपोलियनचा पराभव केल्यावरही वेल्स्ली असईलाच आपली सर्वांत कठीण कामगिरी मानीत असे. गोलंदाज तोफांजवळ मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांनी पाठीमागून मारा केला. 1 नोव्हेंबरला लासवारीस तर अंमलदारही उरले नव्हते. पेराँ कधीच इंग्रजांच्या आश्रयास गेला होता, आणि कंपनीच्या जाहीरनाम्याला भुलून शिंद्यांचे इंग्रज नोकर निवृत्तिवेतन घेऊन निघून गेले होते. लूकन नावाच्या अशाच एकाने अलिगडाच्या दरवाजाची वाट इंग्रजांना दाखविली होती. लासवारीच्या बिननायक पलटणी जागच्या जागी कापल्या गेल्या. त्यांना फ्रेंच अंमलदार असते तर काय झाले असते सांगता येत नाही, अशा आशयाची कबुली खुद्द लॉर्ड लेकने दिली. विद्या विकत आणली होती. ती घरात रुजविण्यास एक पिढी लागते, आणि ती पिढी मिळाली नाही. मराठी मुलांना तोफखान्याचे अंमलदार करणारी शाळा ना शिंद्यांनी काढली, ना पेशव्यांनी. युरोपात रशियाच्या पीटरनेही परके सेनापती ठेवले होते. पण त्याने त्यांच्याबरोबरच तोफा आणि नौकानयन शिकविणाऱ्या शाळाही काढल्या आणि सरदारांच्या मुलांना त्यांत बळेच बसविले.

30 डिसेंबर 1803 रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दुआब गेला, दिल्ली-आग्रा गेले. पगाराचा झराच आटला, मग कंपू कशावर पोसणार? ग्वाल्हेरचा किल्ला मात्र 1805 च्या तहाने परत मिळाला. 1810 मध्ये दौलतरावाने त्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो तळ पुन्हा उठला नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजारपेठ आली, पुण्या-कोकणाकडच्या कुटुंबांचे वाडे आणि दत्ताची, विठोबाची देवळे आली; छावणीचे शहर झाले, तरी त्याचे नाव लष्करच राहिले. गाणे तेवढे बहरले. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी या लष्करातल्या मराठी शिष्यांनी उचलली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गळ्यातून ती दक्षिणेत आली.

राज्य म्हणून जे उरले होते तेही 29 डिसेंबर 1843 रोजी महाराजपूर आणि पनियार या एकाच दिवशी झालेल्या दोन लढायांत संपले. त्यानंतर शिंद्यांना किती शिपाई ठेवावयाचे हे इंग्रज ठरवू लागले. 1858 च्या जूनमध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले तेव्हा जयाजीरावाची फौज त्यांना मिळाली आणि महाराज आग्र्याकडे निघून गेला. राणी पडली, महाराज परतला, पण किल्ल्यावर इंग्रजी पलटण बसली ती अठ्ठावीस वर्षे हलली नाही. या काळात, 1874 मध्ये, जयविलास राजवाडा पुरा झाला. तो बांधला मायकेल फिलोज याने. दौलतरावाच्या कंपूंचे नेतृत्व करणाऱ्या फिलोज नावाच्या इटालियन घराण्यातला हा वंशज. त्याच्या वाडवडिलांनी शिंद्यांच्या तोफा चालविल्या, याने दिवाणखान्याची झुंबरे टांगली. 1886 मध्ये किल्ला शिंद्यांना परत देण्यात आला, तोही मोबदल्यावर. त्याच्या बदल्यात इंग्रजांनी त्यांच्याकडून झाशी घेतली.